घड्याळ, नळ आणि फडताळ

नमस्कार, श्रोतेहो.

'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, पाच दिवस.' औषधाच्या चिठ्ठीवरचं हे वाक्य लिहिणारा तीन गोष्टी धरून चालतो. घरात घड्याळ आहे, नळ आहे आणि बाटली ठेवायला फडताळ आहे. रस्त्यावर राहणाऱ्या मुलाकडे यातलं एकही नसतं, जेवणाची वेळही नसते. फुकट औषध देऊनही ही मुलं बरी होत नाहीत, याचं कारण बहुतेकदा औषधात नसतं, त्या वाक्यात असतं. अशा मुलांना फुकट औषध द्यायचं आणि शिकवायचं ठरवलं असेल, तर काय सांभाळायला हवं, ते आज बोलू.

खरूज घ्या. पर्मेथ्रिनचं 5 टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. 8 ते 14 तास ठेवून आंघोळ, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. आता सकाळच्या आंघोळीचं पाणी आणायचं कुठून? शिवाय शेजारी झोपणारी चार मुलं तशीच राहिली, तर काही आठवड्यांत खरूज परत हजर. म्हणून एकत्र झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्यायला हवं. मलम जमणारच नसेल, तर डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देऊ शकतात. किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, समोर बसवून गिळायला लावायच्या, आणि दुसरा डोस 7 ते 14 दिवसांनी. 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर मुलींना मात्र या गोळ्या देत नाहीत. अंगावरचे कपडे पिशवीत तोंड घट्ट बांधून किमान 3 दिवस ठेवायचे, म्हणजे तेवढे दिवस घालायला दुसरा जोड लागतो. कपड्यांचं वाटप सणासुदीला करण्यापेक्षा या दिवशी केलं तर त्याचा खरा उपयोग होतो.

आणखी एक. औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. हे आधी सांगितलं नाही, तर मूल 'औषध खोटं आहे' म्हणून पुढच्या वेळी फिरकत नाही. नाहीतर एखादा उत्साही कार्यकर्ता पुन्हा पुन्हा मलम फासतो आणि कातडी आणखी सोलवटते.

डोस वयावर ठरवू नका. मुलाला आपलं वय ठाऊक नसतं, किंवा ते सोयीचं वय सांगतं. त्यातून कुपोषण असेल तर बारा वर्षांचं मूल आठ वर्षांचं दिसतं. म्हणून औषधांच्या पेटीतली पहिली वस्तू वजनकाटा. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. 18 किलोच्या मुलाला मोठ्यांची 500 मिलिग्रॅमची अख्खी गोळी दिली, तर मात्रा जवळजवळ दुप्पट होते. दानात आलेल्या बाटल्यांचाही घोळ असतो. एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम, दुसरीत 250. 'एक चमचा' म्हणणाऱ्यानं लेबल वाचलेलं नसतं. फोडलेल्या, कुणाच्या घरून उरून आलेल्या बाटल्या सरळ नाकारा. औषधदानाबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात, आणि पोचलेल्या औषधाची मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी, असंही सांगतात.

जुलाब झाल्यावर पाण्यात मिसळून द्यायचं क्षार-साखरेचं पाकीट, म्हणजे ओआरएस, एक लिटर पाण्यासाठी असतं. मुलाच्या हाती अर्ध्या लिटरची बाटली असली की ते अख्खं पाकीट तिच्यात ओततं, मीठ दुप्पट होतं आणि ते धोक्याचं आहे. पाकिटाबरोबर लिटरची खूण केलेली बाटली द्या, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायला सांगा. जुलाब होणाऱ्या पाच वर्षांखालच्या भावंडांना जस्ताची (झिंकची) गोळीही लागते. रोज 20 मिलिग्रॅम, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला 10, आणि हे 10 ते 14 दिवस. ती रोज द्यायची कुणी?

इथं या मुलांसाठी चालवलेला शिकवणीचा वर्ग कामाला येतो. पाटी आणि औषध एकाच जागी, रोज त्याच वेळी असेल, तर वर्ग हेच मुलाचं घड्याळ. वर्गातली कुलुपाची पेटी हे त्याचं फडताळ. तोटी लावलेला वीस लिटरचा कॅन हा नळ. कुत्रं चावल्यावर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची असते, ती याच कॅनवर. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना आणि लस. पुढच्या लशींच्या तारखा वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवायच्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी. क्षय निघाला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि मुलाला मधेच बरं वाटू लागतं. रोजची गोळी कोणासमोर गिळायची, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं हवं.

मूल चिकटद्रव्य हुंगताना दिसलं, तर ओरडू नका, पाठलाग तर मुळीच करू नका. त्या वाफांमुळे हृदयाची लय नाजूक झालेली असते आणि भीतीनं किंवा धावण्यानं ते अचानक थांबू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा.

आता पाटी. वयावरून बसवलं की बारा वर्षांचं मूल सहा वर्षांच्यांत लाजतं आणि पळतं. पाच मिनिटांत पाहता येतं. अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, परिच्छेद, मग गोष्ट. जिथं अडतं तो त्याचा गट. धडा असा हवा की त्याच दिवशी संपेल, उद्याचा भरवसा नसतो. गणिताला मात्र पहिल्या पायरीपासून सुरुवात करणं हा मुलाचा अपमानच आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे 98 टक्के हिशेब बरोबर आले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा 37 टक्केच. म्हणजे तोंडी हिशेबापासून सुरू करून त्याला कागदावर उतरवायला शिकवायचं.

नोंदीत मुलाचं हाकेचं नाव लिहा, सोबत त्यानंच निवडलेलं चित्र, कारण नावं बदलत राहतात. वजन, लस आणि वाचनाची पायरी एकाच कार्डावर. जन्मनोंदीचं काम पहिल्या महिन्यातच हाती घ्या. शाळेच्या दारात तो कागद मागितला जातो आणि त्याला वेळ लागतो. औषधाच्या बदल्यात फोटो मागू नका.

आणि वर्ग एखाद्या दिवशी बंद राहणार असेल, तर ते दोन दिवस आधीपासून सांगा, आणि त्या दिवसाच्या गोळ्या कोण, कुठं उभं राहून देणार, तेही फळ्यावर लिहा.