रहस्य दडवणारा होम्स

श्रोतेहो, नमस्कार. आगबोटीवर घडणाऱ्या एका जुन्या रहस्यपटाविषयी आज बोलायचे आहे. रॉय विल्यम नील यांनी दिग्दर्शित केलेला 'पर्स्यूट टू अल्जीअर्स' हा चित्रपट १९४५ साली प्रदर्शित झाला. त्यात गुप्तहेर शेरलॉक होम्स झाले आहेत बॅझिल रॅथबोन आणि डॉक्टर वॉटसन नायजेल ब्रूस. ही जोडी त्या काळात अमेरिकी रेडिओवरही होम्सच्या कथा सादर करीत असे.

रोव्हेनिया या काल्पनिक देशाच्या राजाचा खून झाला आहे आणि त्याच्या वारसाला सुखरूप मायदेशी पोहोचवण्याची कामगिरी होम्सवर येऊन पडली आहे. 'फ्रीसलँड' बोटीवर निकोलस नावाचा तरुण वॉटसनचा पुतण्या म्हणून वावरतो. मात्र लिस्बनला तीन मारेकरी बोटीवर चढतात, तेव्हा ते ओळखू येण्यासाठी प्रेक्षकाला डोके खाजवावे लागत नाही. त्यांच्यातला सुरीफेक्या रात्री केबिनच्या गोल खिडकीतून हात आत घालतो आणि दबा धरून बसलेला होम्स ती खिडकी त्याच्या मनगटावर आदळतो. हा प्रसंग जेमतेम काही क्षणांचा असला, तरी साऱ्या चित्रपटात मला तोच सर्वांत नेटका वाटतो.

मग रहस्य उरते कुठे? शेवट सांगितल्यावाचून ते सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी क्षमा करावी. अल्जीअर्सला मारेकरी निकोलसला पळवून नेतात, आणि मग उलगडा होतो की तो केवळ तोतया होता. खरा वारस म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तबके घेऊन ये-जा करणारा बोटीवरचा स्टुअर्ड. एरवी दुसऱ्याने दडवलेले शोधून काढणारा होम्स इथे स्वतःच दडवतो आहे, आणि त्याने मारेकऱ्यांइतकेच आपल्यालाही, इतकेच काय, बिचाऱ्या वॉटसनलाही अंधारात ठेवले आहे. वाढप्याच्या तोंडाकडे कोणी निरखून पाहत नाही, या एका हिशेबावर त्याचा सारा डाव उभा आहे.

मधल्या भागात कथानक रेंगाळते, हे खरे. चोरलेल्या पाचूंचे उपकथानक तर वेळ काढण्यापुरतेच आहे. पण वॉटसन सहप्रवाशांसमोर स्कॉटिश गाणे म्हणतो आणि होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी नुसता उल्लेख करून सोडून दिलेली सुमात्राच्या महाकाय उंदराची हकिगत रंगवून सांगू लागतो, तेव्हा ब्रूस यांच्यासाठी तेवढी ढिलाई खुशाल माफ करावीशी वाटते.