कपाटातली रिकामी हवा
(ठाण्यातल्या एका गृहसंकुलाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कपाट आवरायचं म्हणजे निम्मे कपडे काढून टाकायचे, असं हल्ली सगळेच सांगतात. मी ते सांगणार नाही. आईच्या लुगड्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला बोलायचंय ते कपाटातल्या रिकाम्या हवेबद्दल. ती कुठे भरायची आणि कुठे मुद्दाम राहू द्यायची, एवढाच माझा विषय.

बहुतेक सुतार पंधरा-सोळा इंचांवर फळी मारतात. का, तर आधीच्या घरी तशीच मारली होती. आता साड्यांची चळत आठ-नऊ इंचांच्या वर गेली की खालची ओढताना वरच्या अंगावर येतात. म्हणून आपण तिथेच थांबतो. वरचे सहा-सात इंच तसेच राहतात. असे पाच खण धरा, म्हणजे जवळजवळ तीन फूट उंचीची हवा आपण सनमायका लावून जपलेली असते. (हशा) फळ्या दहा-अकरा इंचांवर घ्या. जास्तीची फळी पाऊण इंच खाते, पण एक अख्खा खण देते. नवीन कपाट करत असाल तर फळ्या ठोकून पक्क्या करू नका. बाजूच्या पाटांना 32 मिलिमीटर अंतरानं भोकं पाडून घ्या आणि फळी पिनांवर ठेवा. मॉड्युलर फर्निचरवाले याच मापानं काम करतात. मुलाचे शाळेचे गणवेश जाऊन जीन्स आल्या की फळी हलवता येते.

टांगायच्या कपड्यांचंही तेच. शर्टाला हँगरसकट 38 ते 40 इंच पुरतात. साडीचा पन्हा 45-47 इंचांचा, तो दांड्यावर निम्मा होतो. म्हणजे हँगरचा हूक धरूनही सव्वादोन-अडीच फुटांत साडी मावते. आणि आपण तिला पाच फुटांचा खण देतो! खाली मग बॅगा, जुन्या उशा, लग्नात आलेले डिनर सेट. पाच फूट लागतात ते लांब कुर्ते, गाउन आणि शेरवानी यांना. त्यांच्यापुरता एक अरुंद खण ठेवा. बाकीच्या ठिकाणी एकाखाली एक दोन दांडे लावा.

आता खोलीकडे या. आपली बेडरूम दहा बाय दहा. हँगर आडवा मावायचा तर कपाट दोन फूट खोल हवं. पलंग सव्वासहा फूट लांब, त्याचं पायथं कपाटाकडे. उरले पावणेदोन फूट, म्हणजे 21 इंच. सहा फुटी कपाटाला 24 इंचांची तीन दारं केलीत तर ती पलंगाला अडणार. 18 इंचांची चार केलीत तर पूर्ण उघडतील. एवढं साधं गणित, पण ते पलंग आल्यावर सुचतं. सरकती दारं यावर उत्तर आहे खरं, पण रुळांत तीन-चार इंच जातात आणि एका वेळी निम्मंच कपाट उघडं मिळतं. मी ती दुसरा इलाज नसेल तेव्हाच सुचवते. ड्रॉवर तर अशा खोलीत पलंगावर मांडी घालूनच उघडावे लागतात. रुमाल, मोजे, आतले कपडे यांच्यापुरते दोन पुरेत. टी-शर्टांच्या घड्या त्यात फायलींसारख्या उभ्या लावा, सगळे एका नजरेत दिसतात.

माळ्याबद्दल जास्त बोलत नाही. वर्षातून एकदा लागणारी वस्तू वर, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव. झालं.

आता हवा राहू द्यायची ती कुठे? आपण कोकणपट्टीत राहतो. जुलैत इथली आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला त्याहून कमीही चालते. नैर्ऋत्येकडून पावसाचा मारा बसणारी भिंत असेल तर कपाट तिला चिकटवू नका, मागे दोन इंच सोडा. खण दाबून भरू नका. हे ऐकताना तुम्हाला वाटेल, ही बाई आधी भर म्हणाली, आता भरू नको म्हणते. पण उंचीतली हवा वाया जाते आणि कपड्यांभोवतीची हवा कामाला येते, हा फरक आहे.

म्हणूनच हवा काढायच्या त्या प्लास्टिक पिशव्या, व्हॅक्यूम बॅगा, मी नागपूरच्या बहिणीला बिनधास्त सांगते. तिथे रजया, स्वेटर यांचा ढीग असतो. इथे त्या वापरायच्याच असतील तर एप्रिल-मेच्या कडक उन्हात पांघरुणं वाळवून, थंड करून, मगच भरा. ऑगस्टमध्ये भरलीत तर ओल आत कोंडली जाईल. रेशीम त्यात कधीच नको.

पैठणीला तर प्लास्टिकचं कव्हरही नको. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. दमट हवेत ती काळवंडते. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. जड काठपदराची साडी टांगूही नका, वजनानं कापड ओढलं जातं. आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच ती विरते. बायका हे करतात, पुरुषांच्या शेरवानीकडे मात्र कोणी बघत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: आम्ही भाड्याच्या घरात आहोत. सुतारकाम करता येत नाही. काय करायचं?)

काकू, तुमच्याकडे लोखंडी कपाट आहे ना? गोदरेजनं 1923 मध्ये पोलादी कपाटं करायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या घराघरांत ते आहे. त्याची खोली दीड फुटाच्या आसपास, त्यामुळे हँगर कसाबसा मावतो. म्हणून त्यात टांगण्यापेक्षा घडीचेच कपडे ठेवा. एक खण रिकामा करून आतल्या कडेला बघा. बहुतेक कपाटांत खाचांची उभी रांग असते. फळी त्या खाचांवर टेकलेली असते, वर उचलली की निघते. कंपनीनं दिली तशीच ती वर्षानुवर्षं राहते. दोन खाचा खाली घ्या, आणि वर जी जागा होईल तिथे एक जास्तीची फळी बसते. भांड्यांच्या आणि कपाटांच्या दुकानात ती सुटी मिळते. जाताना जुनी फळी मापाला बरोबर न्या.