कोपऱ्याशेजारी कोण?

(दृश्य : नागपूर, मे महिना, पहाटे साडेपाच. पाणी मारलेलं मैदान. कडेला बसून मुलं गुडघ्याला, मनगटाला पट्ट्या बांधताहेत.)

कबड्डीचा संघ बांधायचा म्हटलं की पहिली यादी बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होते. ज्याची चढाई भारी, त्याचं नाव वर. काटोलहून आलेला असो, उमरेडचा असो की कामठीचा, नव्या पोराला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "सर, मले रेडच माराची हाय." त्यात त्याचं काही चुकत नाही. टाळ्या चढाईला पडतात, पेपरात फोटो चढाईचा येतो. २०१७ साली मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात प्रो कबड्डीचे सामने झाले, तेव्हा ज्यांनी गॅलरीत बसून ते पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढेही चढाईपटूच राहिले असणार.

पण हिशेब मांडून बघा. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया, आणि तितक्याच वेळा समोरचा आपल्या अंगणात येणार. तुमचा हुकमी चढाईपटू त्या प्रत्येक वेळी बचावपटूंनी हात धरून केलेल्या साखळीत उभा असतो. चढाईला तो एकटा जातो, आणि तेवढा वेळ बाकीचे सहा बघत असतात. बचावात मात्र सातही जण खेळतात. पकडीत कच्चे असलेले चार चढाईपटू एकत्र उभे केले, तर अर्धा सामना त्या मैदानात चार भगदाडं असतात.

म्हणून चांगला प्रशिक्षक पहिले दहा दिवस कुणालाच जागा देत नाही.

(दृश्य : मैदानाच्या कडेला दोघं बसलेत. एक खेळाकडे बघत बोलतोय, दुसरा वहीत लिहितोय.)

या दहा दिवसांत फक्त नोंद होते. एकाने बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकट्याने दोन्ही करायला गेलं, की लिहिताना मान खाली जाते आणि नेमकी पकड सुटते. चढाईच्या पानावर पाच रकाने पुरतात : कुठल्या बाजूने शिरला, हाताने टिपलं की पायाने, कुणाला टिपलं, किती सेकंद घेतले, आणि बाद झाला असेल तर कसा. बचावाच्या पानावर आणखी एक गोष्ट लागते, ती बहुतेक वह्यांत नसते. पकडीला पहिला कोण गेला हे सगळे लिहितात. दुसरा कोण पोचला आणि वेळेवर पोचला का, हेही लिहायला हवं. पकड यशस्वी होते ती बहुधा दुसऱ्यामुळे, आणि सुटते तीही त्याच्यामुळेच.

सगळ्यात कामाचा रकाना "कसा बाद झाला" हा. "बाद" एवढंच लिहून काही कळत नाही. एखाद्या उंच पोराची पाच सराव सामन्यांची पानं शेजारी ठेवा. गुण जवळजवळ सगळे उजव्या हाताचे. बाद मात्र तो पुन्हा पुन्हा परततानाच झालेला, कारण वळायचं झालं की तो दर वेळी डाव्या खांद्यावरूनच वळतो. समोरच्या संघाला हे दुसऱ्या डावात कळतं. आपल्याला दहाव्या दिवशी तरी कळलं पाहिजे.

स्टॉपवॉच लावून घ्यायच्या चाचण्याही आहेत : दहा मीटरच्या चार फेऱ्या, "कबड्डी कबड्डी"चा दम, जोडीदाराच्या मनगटावरची पकड. त्या घ्या, पण चाचणीवर संघ निवडू नका. फेऱ्यांत पहिला येणारा पोरगा सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, गुण नाही मिळाला तर बाद अशा "करो या मरो" चढाईत पाय उचलायला घाबरतो, हे स्टॉपवॉच सांगत नाही. शिवाय नागपुरात वेळही बघावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पहाटे सहाला ताजातवाना वाटणारा मुलगा संध्याकाळी सहाला तापलेल्या जमिनीवर वेगळा असतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला तर आणखीच वेगळा. नोंदी दोन्ही वेळच्या हव्यात.

माती आणि मॅटचंही तेच. मातीवर पाय घसरतो, आणि त्या घसरण्याचा फायदा घेऊन बचावपटूंच्या हातांखालून डुबकी मारणारे पोरगे गावच्या स्पर्धा गाजवतात. मॅटवर बूट घातले की पाय जागच्या जागी थांबतो, शरीर पुढे जातं आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो. मातीवरचा हिरो मॅटवर दोन दिवसांत लंगडतो, आणि लोक म्हणतात, दम नव्हता. दम होता. त्याला मॅटवरचं थांबणं कुणी शिकवलं नव्हतं.

आता वही भरली. पुढचं काम कमतरता वेगवेगळ्या करण्याचं. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, कारण सगळ्या कमतरतांना एकच औषध नसतं.

काही कमतरता सरावाने जातात. डावा हात चालत नाही, एकाच खांद्यावरून वळतो, या सवयी आहेत. रोज पंधरा मिनिटं फक्त उलट्या बाजूने वळून परत यायचं, आधी समोर कुणी नसताना, मग एका बचावपटूसमोर. दीड-दोन महिने द्यावे लागतात. दोन आठवड्यांत जमलं नाही म्हणून सोडून देणारे फार.

काही कमतरता शरीराच्या असतात. सहा फुटी, जड अंगाच्या मुलाला कोपऱ्यात, म्हणजे साखळीच्या टोकाला, वाकून घोटा धरायला लावलं, तर तो खाली पोचेपर्यंत पाय निघून गेलेला असतो. तोच मुलगा कव्हरला, म्हणजे साखळीत मधल्या खेळाडूच्या शेजारी, उभा करा. तिथे धडक मारून चढाईपटूला रेषेबाहेर घालवायचं असतं, परतीची वाट छातीने अडवायची असते, आणि त्याचं वजन तिथे सोनं ठरतं. बुटका, लवचिक, खालून झेपावणारा मुलगा कोपऱ्याला. शरीराशी भांडत बसू नये, जागा बदलावी.

आणि काही कमतरता स्वभावाच्या. त्याच खऱ्या अवघड.

(दृश्य : संथ गती. कोपरारक्षकाचे हात चढाईपटूच्या घोट्याकडे जाताना.)

हे नीट बघा. चढाईपटू बोनससाठी, म्हणजे एका जादा गुणासाठी, पाय लांब टाकतोय. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे आणि मागचा हवेत, तेव्हाच बोनस मिळतो, आणि तोही समोर किमान सहा बचावपटू असतील तरच. त्या क्षणी त्याचा सगळा तोल पुढच्या पायावर असतो. कोपऱ्यावरच्या मुलाचा एक हात घोट्याखालून गेला, दुसरा टाचेवर आला, पाय छातीशी ओढला गेला, डोकं बाहेरच्या बाजूला. डोकं आत राहिलं तर दुसऱ्या पायाची टाच थेट कपाळावर बसते.

आता हाच मुलगा एक श्वास आधी झेपावला असता तर? चढाईपटूचा भार अजून मागच्या पायावर होता. त्याने पुढचा पाय नुसता वर घेतला असता, हात खाली टेकवून कोपऱ्याला टिपलं असतं, मदतीला धावलेल्या दुसऱ्यालाही टिपलं असतं. एक गुण घ्यायला गेलो आणि दोन दिले. आगाऊ पकड म्हणतात ती हीच.

उतावळा कोपरा वाईट नसतो. मोठ्या पकडी तोच करतो. प्रश्न इतकाच, की त्याच्या शेजारी कोण उभा आहे.

कोपऱ्याचा हात धरून उभा असतो तो "इन". तिथे बहुतेक संघ चढाईपटूला ठेवतात, कारण बचावात त्याच्याकडून कमी अपेक्षा असते. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या पकडीचा जोडीदार बऱ्याचदा पकडीत सगळ्यात कच्चा असतो. आणि तोही उतावळा असेल, तर ती बाजू सामन्याच्या सुरुवातीलाच रिकामी होते. म्हणून "इन"ला असा चढाईपटू हवा जो थंड डोक्याचा आहे. त्याने पकड सुरू करायची नाही. हात घट्ट ठेवायचा, कोपरा आधीच निघाला तर त्याला हाताने मागे ओढायचं, आणि कोपऱ्याने घोटा धरला की मांडीवर पडायचं. त्याला चांगली पकड येत नसली तरी चालतं. थांबता आलं पाहिजे, आणि नेमकं पोचता आलं पाहिजे. एकाच्या उणेपणाशेजारी दुसऱ्याचं बळ बसवणं ते हेच, आणि ते कागदावरच्या गुणांवरून ठरत नाही. अमुक कोपरा अमुक "इन"बरोबर असताना किती पकडी जमल्या, तमुक बरोबर असताना किती सुटल्या, ते वहीतून काढावं लागतं.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हे सगळ्या देशाने पाहिलं. १९९० पासून एकही सुवर्ण न गमावलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा हरला. नावाजलेले चढाईपटू आपल्याकडे होते. इराणकडे एकत्र हलणारा बचाव होता. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने आपल्याला २७-२४ असं हरवलं, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

(दृश्य : सराव संपलाय. प्रशिक्षक आणि एक मुलगा, दोघंच, वही उघडून बसलेत.)

वहीतलं सांगायचं कसं? मैदानात, सगळ्यांसमोर, ओरडून तर नाहीच. तसं केलं की मुलगा पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतो. एकट्याला बसवा, पान त्याच्यासमोर ठेवा, आणि आधी त्याला वाचू द्या. "तुले काय दिसते यात?" एवढं विचारून गप्प बसा. स्वतःची खोड बहुतेकांना माहीत असते, फक्त ती इतकी वेळा होते हे माहीत नसतं. आकडे समोर असले की वाद होत नाही.

याहून नाजूक गोष्ट दुखण्याची. खांदा दुखतोय हे मुलं सांगत नाहीत, जागा जाईल म्हणून. आणि खांदा लपवलेला कव्हर धडक मारताना नकळत अंग चोरतो, मार कोपऱ्याला बसतो. इथे चूक प्रशिक्षकाची असते. ज्याने मागच्या वेळी खरं सांगितलं त्याला त्याच दिवशी बाकावर बसवलं, तर पुढे कुणी तोंड उघडणार नाही. सांगणाऱ्याची जागा राखायची, काम बदलायचं. दोन आठवडे धडक बंद, हात धरून साखळीत उभं राहायचं.

मग एक दिवस गोल करून बसायचं. प्रत्येकाने सगळ्यांना सांगायचं : माझ्याकडून काय होतं, काय होत नाही, आणि त्या वेळी शेजाऱ्याने काय करावं. सुरुवात कप्तानाने करायची. तो म्हणाला, "शेवटची पाच मिनिटं राहिली की माझा दम जाते, तवा मले रेडले पाठवू नका," की बाकीच्यांची जीभ सुटते. कप्तानाने फक्त बळ सांगितलं, तर सगळे बळच सांगतात आणि तास वाया जातो.

इथवर पुष्कळ संघ येतात. पुढे फसतात ते एका साध्या कारणाने. सराव सात जणांचा केलेला असतो, आणि सामना बराचसा सहा, पाच, चार, तीन जणांनी खेळावा लागतो.

बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. कुणाला आत घ्यायचं ते प्रशिक्षकाच्या हातात नसतं. तुमची घोटून तयार केलेली कोपरा आणि "इन"ची जोडी पहिल्या पाच मिनिटांत फुटू शकते. म्हणून प्रत्येकाला दुसरा जोडीदार हवा, आणि जमलं तर तिसराही. आठवड्यातले दोन दिवस चिठ्ठ्या टाकून माणसं बाहेर काढायची आणि उरलेल्यांनी उभं राहायचं. पाच जण उरले की समोरच्याला बोनस मिळत नाही, मग कोपऱ्याने बोनस रेषेची राखण सोडून एक पाऊल आत यायचं. तीन किंवा कमी उरले आणि पकड जमली, तर अव्वल पकडीचा एक गुण जास्त. तिघांत दोघं उतावळे असतील तर लोना पक्का, म्हणजे सगळा संघ बाद आणि समोरच्याला वरचे दोन गुण. तिघांत कोण बोलणार हेही आधी ठरवायचं. दमलेली तीन पोरं एकाच वेळी ओरडतात, आणि कुणीच ऐकत नाही.

वही वर्षभर जुनी ठेवून चालत नाही. सतरा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत दोन इंच वाढतो, वजन चढतं, आणि कोपऱ्याला वाकणारा तोच मुलगा कव्हरचा होतो. "हा डरपोक", "हा हावरा" असे शिक्के एकदा बसले की माणूस बदलला तरी ते निघत नाहीत. दर तीन महिन्यांनी नवीन पान. जुनं पान न बघता लिहायचं आणि मग दोन्ही शेजारी ठेवायची.

(दृश्य : स्पर्धेच्या आधीची संध्याकाळ. बारा नावांचा कागद.)

संघात बारा जण, मैदानात सात. राखीव पाच जण निवडताना आठवा, नववा, दहावा चांगला कोण, असा क्रम लावू नका. कोण बाहेर गेला तर कुठली जागा उघडी पडते आणि तिथे कोण उभा राहील, ते बघा. डाव्या कोपऱ्याचा राखीव मुलगा शेवटचे पंधरा दिवस मुख्य डाव्या "इन"चाच हात धरून सराव करतो. त्याची चढाई राखीव पाचांत सगळ्यात कच्ची असली, तरी तो बारा जणांत असतो.