दोन चित्रांमधली गार

एप्रिलमधली ही दुपार. पंढरपूर तालुक्यातल्या या बेदाणा शेडमध्ये जाळीच्या रॅकवर द्राक्षे वाळत पडली आहेत, आणि पश्चिमेचे आभाळ काळवंडू लागताच चार माणसे बाजूचे पडदे सोडून दोऱ्या आवळायला धावली आहेत. या कामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. वळीव तेवढी सवड देईलच असे नाही.

गारपिटीचा इशारा अनेकदा उशिरा येतो, आणि त्याचे एक कारण रडारच्या फिरण्यातच आहे. ढगांवर लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून पाऊस-गारा टिपणाऱ्या नेहमीच्या डॉप्लर रडारची तबकडी एका कोनात पूर्ण फेरी मारते, मग किंचित वर उचलली जाते, पुन्हा फेरी मारते, आणि अशा अनेक फेऱ्यांनंतर ढगाचे तळापासून माथ्यापर्यंतचे चित्र पुरे होते. यात पाच ते दहा मिनिटे जातात. आता गारेचा हिशेब मांडू. दोन सेंटिमीटरची गार सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने पडते, म्हणजे पाच किलोमीटरवरून बागेत यायला तिला चार-सव्वाचार मिनिटे पुरतात. पहिल्या चित्रात ढगाच्या पोटात असलेल्या गारा दुसरे चित्र येईपर्यंत घडांवर आदळूनही गेलेल्या असतात.

‘फेज्ड अ‍ॅरे’ रडारमध्ये अनेक छोट्या अँटेना असतात. प्रत्येकीच्या लहरीला सूक्ष्म विलंब देऊन झोत हवा तिकडे वळवला जातो, त्यासाठी तबकडी वर-खाली करावी लागत नाही. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात २०१२ साली बसवलेले असे रडार सुमारे शंभर उंची-कोन ३० सेकंदांत तपासत असे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन येथे तर युद्धनौकांसाठी बनवलेला अँटेना वादळांवर रोखण्यात आला, आणि मिनिटागणिक चित्र मिळालेल्या अंदाजकर्त्यांनी इशारे आधी दिले. खरा फायदा गार पडताना दिसण्यात नाही, तर ढग वर वाढत असतानाच ती वाढ पकडण्यात आहे.

पर्जन्यछायेतल्या सोलापूरला रडार नवे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाच्या अभ्यासासाठी इथे ते उभारले होते. मात्र ओसाकाच्या रडारचे ते ३० सेकंद ६० किलोमीटरच्या पल्ल्यासाठी होते. तसे रडार सोलापूर शहरात बसवले, तर पंढरपूर त्या वर्तुळाच्या जेमतेम काठावर येते. सांगोला आणि करमाळा बाहेरच राहतात.