फूटपाथ कोणाचा, पैसा कोणाचा

रसिकहो,

पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या वाटांविषयी बोला, असे संयोजकांनी सुचवले, तेव्हा शहराच्या सौंदर्यीकरणाचा भाग मी बाजूला ठेवायचे ठरवले. पैसा नाही म्हणून बेळगावात धड फूटपाथ होत नाहीत, असा आपला सर्वसाधारण समज आहे. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. पैसा येतो, पण तो रस्त्याच्या नावाने येतो. आणि रस्ता कोणाच्या ताब्यातला हे ठरल्याखेरीज फूटपाथ कोणाच्याच अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे बसत नाही.

गणपत गल्लीपासून शहापूर-वडगावपर्यंतच्या आतल्या गल्ल्या महापालिकेच्या आहेत. कॅम्पात शिरलात की संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील कॅन्टोन्मेंट बोर्ड सुरू होते, काही मोठे जोडरस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, गेटाजवळचा तुकडा रेल्वेचा, आणि या सगळ्यांच्या कडेला उभे असलेले खांब व ट्रान्स्फॉर्मर हेस्कॉम या वीज कंपनीचे. शाळेला चालत निघालेले मूल या हद्दी नकळत ओलांडते. फूटपाथ मात्र हद्दीच्या जोडावर हमखास तुटतो.

मापांबाबत संदिग्धता नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागात किमान 1.8 मीटर आणि बाजारपेठेत 2.5 मीटर मोकळी रुंदी हवी, आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मोकळी म्हणजे खांब, झाड आणि उभी दुचाकी वगळून. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अडथळामुक्त फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. पण आपल्याकडे फूटपाथ म्हणजे पुष्कळ ठिकाणी गटारावर टाकलेल्या फरशा, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. चार महिने कोसळणाऱ्या पावसाआधी गाळ काढायचा, तर फरशी उचलावी लागते. ती दोघांना उचलता येईल अशा मापाची नसेल, तर पहारीने फोडली जाते. आणि पुन्हा बसवण्याचे काम गाळ काढण्याच्या निविदेत लिहिलेले नसेल, तर ते कोणी करत नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच भगदाडावरून पाणी वाहते आणि खालचे काही दिसत नाही. म्हणून फरशीचे माप, तिला उचलण्यासाठी ठेवायची भोके आणि ती परत बसवण्याचा दर या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी मला रंगीत पेव्हरपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या वाटतात.

आता पैशाचे पाहू. 1.8 मीटर रुंदीचा फूटपाथ एक किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केला, तर 3,600 चौरस मीटर काम होते. बांधकाम खात्याच्या दरसूचीतील दराने गुणले की खर्चाचा अंदाज कोणालाही घरी बसून काढता येतो. बेळगाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आले. या योजनेत केंद्राकडून प्रत्येक शहराला 500 कोटींपर्यंत निधी आणि तेवढाच राज्य व स्थानिक संस्थेचा वाटा अपेक्षित होता. मार्च 2025 मध्ये योजना संपली, आणि झालेल्या कामांची देखभाल मात्र कायमची उरली. खासदार निधी वर्षाला 5 कोटींचा असतो, पण तो टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी असतो. दुरुस्तीचा आवर्ती खर्च त्यातून भागत नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी आपल्याएवढ्या शहरांना दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेला बांधलेली आणि 40 टक्के मोकळी ठेवली. ग्रामपंचायतींचेही प्रमाण तेच. म्हणजे बांधायला पैसे देणारे बरेच आहेत. सांभाळायला आपल्याच घरपट्टीवर भिस्त ठेवावी लागते.

सायकलींबाबत माझे मत थोडे कडवट वाटेल. रविवारी पहाटे राजहंसगडाकडे निघणाऱ्या सायकलस्वारांचे मला कौतुकच आहे, पण पहिला पैसा त्यांच्या वाटेवर पडू नये. येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीहून उद्यमबागच्या कारखान्यांकडे पाळीसाठी सायकलने निघणारा कामगार हौसेने सायकल चालवत नाही. त्याला अंधारात दिवा असलेली, ट्रकपासून उंच कडेने वेगळी केलेली वाट हवी. नुसता रंगाचा पट्टा मारला, तर त्यावर चारचाकी उभ्या राहतात. फेरीवाल्यांना हाकलून वाट मोकळी करावी, हेही मला पटत नाही; 2014 च्या कायद्याने त्यांच्यासाठी विक्री समिती सांगितली आहे, आणि आराखडा करताना तिला बोलावणे सोपे आहे.

वेंगुर्ला रोडवर बाचीपर्यंत कर्नाटकाचे बांधकाम खाते आणि पुढे शिनोळीपासून महाराष्ट्राचे. तिथे सलग बाजूपट्टी हवी असेल, तर दोन्हीकडच्या ग्रामसभांनी एकाच मापाचा ठराव करून आपापल्या राज्याकडे पाठवावा. सीमावादाच्या निकालापर्यंत चालणाऱ्यांना थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

शहरात फूटपाथची मागणी निविदा निघाल्यावर करून उपयोग होत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, त्यामुळे नगरसेवकांना गाठायचे ते डिसेंबर-जानेवारीत. अंदाजपत्रक मराठीतही मिळावे ही आपली मागणी जुनी आणि रास्त आहे. पण तोवर कन्नड वाचणारा एखादा शेजारी बरोबर घेऊन रस्ते आणि गटारे ही दोन शीर्षके तरी पाहावीत, आणि फूटपाथच्या देखभालीसाठी स्वतंत्र रक्कम दिसली नाही, तर ती का नाही, एवढाच प्रश्न लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.