करवत लावण्याआधी

विजापूर रस्त्यावरच्या या जुन्या कडुनिंबाच्या खोडावर लाकडी हातोडीचे ठोके पडत आहेत. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो आणि कुजलेल्याचा पोकळ. त्यावरून झाड आतून कुठवर पोखरले आहे, याचा पहिला अंदाज या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई बांधतात. शिक्षण संपल्यावर प्रयोगशाळेऐवजी त्यांनी सोलापूरचे रस्ते निवडले आणि शहरातली झाडे तपासणे व जगवणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम झाले.

ढोली दिसली की झाड धोकादायक ठरवण्याची घाई होते. वास्तविक मोठ्या खोडाचा गाभा मृत लाकडाचाच असतो. पाणी त्याबाहेरच्या लाकडातून वर चढते आणि पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. म्हणूनच पोकळ झालेला वडही वर्षानुवर्षे हिरवागार राहतो, तर फलकासाठी बुंध्याला आवळलेली ही तार मुळांना उपाशी ठेवते. बाई ती पक्कडीने तोडतात. सालीत रुतलेला तुकडा मात्र ओढून काढत नाहीत, कारण त्याबरोबर जिवंत सालही निघून येते.

आता पहारीने फुटते आहे ते बुंध्याला भिडलेले काँक्रीट. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात झाडाभोवतीचे आळे बुजवणे अक्षम्य आहे.

१९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्षतोडीस परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तरीही त्यांनी तपासलेली कित्येक झाडे रुंदीकरणात गेली.

या कडुनिंबाची एकच वाळलेली फांदी उतरवायची आहे. पहिला काप बुंध्यापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. त्यामुळे फांदी वजनाने मोडली तरी खोडाची साल सोलत नाही. उरलेला खुंट मग तळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापला जातो, कारण जखम भरून काढणाऱ्या पेशी त्या कड्यातच असतात. कापावर डांबर फासायला आलेल्या कामगाराला बाई थांबवतात, जखम उघडीच ठेवायला सांगतात आणि त्याला पुढच्या झाडाकडे घेऊन जातात.