लस दिली होती, मग पार्वो झालाच कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

"डॉक्टर, लस तर दिली होती, मग पार्वो झालाच कसा?" जनावरांच्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार कानी येतो. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा, विषाणूमुळे येणारा जीवघेणा आजार. टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू, उलट्या, रक्ताची हगवण, खोल गेलेले डोळे. लस खरंच दिलेली असते. पण एकच.

त्याचं कारण आईच्या चिकात आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारे रक्तातले घटक, त्याच्या रक्तात येतात. सुरुवातीचे आठवडे तीच त्याला जपतात, पण लसीतला विषाणूही तीच निकामी करतात. पुढे ती ओसरत जातात. मध्ये काही दिवस असे येतात, की आजार थोपवण्याइतकी ती उरलेली नसतात, पण लस फुकट घालवण्याइतकी असतात. हे दिवस कुणाचे कधी येतील, सांगता येत नाही, कारण एकाच वेतातली चार पिल्लंही सारखा चीक पीत नाहीत. म्हणून पहिली लस 6 ते 8 आठवड्यांचं असताना, मग दर 3 ते 4 आठवड्यांनी पुन्हा, आणि शेवटची 16 आठवडे पूर्ण झाल्यावर. ही शेवटची कृपा करून चुकवू नका. सगळ्यात जास्त घरं तिथेच थांबतात. वर्षाने बूस्टर, म्हणजे पुन्हा एक लस.

16 आठवड्यांनंतरची ती लस होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका. कडेवर घेऊन जरूर फिरवा, त्याला गाड्यांचे, माणसांचे आवाज कळू देत. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांना लागून घरात येतो. नेहमीच्या फिनाईलने तो मरत नाही. फरशी आधी साबणाने धुवा, मग 1 भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी करून 10 मिनिटं ओली ठेवा. घाणीवरच ओतलं तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो.

जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. पिल्लाला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त पिणारे जंत किंवा गोचिडीचा ताप असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

गोचीड कानात, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली सापडते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका. रॉकेल तर नकोच. मादी अंडी घालते भिंतीच्या भेगांत, त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, भेगाही बुजवाव्या लागतात.

मांजर पाळणाऱ्यांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवा: कुत्र्याच्या गोचिडीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजरावर कधीही टाकू नका, आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, एका गोळीनेही जीव जातो.

रेबीजची लस कुत्रा आणि मांजर दोघांनाही, तिसरा महिना पूर्ण झाल्यावर, आणि पुढे कार्डावरच्या तारखेप्रमाणे. घरातून न हलणाऱ्या मांजरालाही. आणि कुठलंही कुत्रं किंवा मांजर तुम्हाला चावलं, ओरखडलं, तर हळद, चुना काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग लगेच दवाखाना गाठा.

नमस्कार.